टाचेला न चावणारा बाप

ऑस्ट्रेलियात गुरं हाकण्यासाठी तयार झालेली कुत्र्यांची एक जात आहे. तिला हीलर म्हणतात. हील म्हणजे टाच. एकोणिसाव्या शतकात गुरांचे मोठाले कळप लांबलांबच्या वाटांनी चालवत न्यावे लागत, तेव्हा ही कुत्री मागून येऊन जनावराच्या टाचेला चावा घेत आणि जनावर पुढे सरके. नुसतं भुंकण्यापेक्षा हा उपाय परिणामकारक होता. पुढून वाट दाखवण्याची भानगड नाही, मागून टोचलं की झालं.

हे वाचताना तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आपापल्या कामावरचा एखादा साहेब आठवला असेल, तर त्याला मी जबाबदार नाही.

याच जातीचं एक कुटुंब आज जगभरच्या लहान मुलांच्या गळ्यातला ताईत झालं आहे. ‘ब्लूई’ ही कार्टून मालिका ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओने केली. तिचा निर्माता जो ब्रम हा स्वतः दोन मुलींचा बाप. 1 ऑक्टोबर 2018 रोजी ती ऑस्ट्रेलियाच्या एबीसी किड्स वाहिनीवर सुरू झाली. बहुतेक भाग जेमतेम सात मिनिटांचे. ब्लूई ही सहा वर्षांची, बिंगो तिची चार वर्षांची धाकटी बहीण, आई चिली आणि बाबा बँडिट. चिली विमानतळावर सुरक्षा तपासणीचं काम करते. बँडिट पुरातत्त्वज्ञ आहे, म्हणजे कुत्राच, आणि वर जमिनीतून जुनी हाडं उकरण्याचा पगार घेतो! लेखकाच्या या एका विनोदावर मी खूश आहे. 2024 साली अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सर्वांत जास्त वेळ पाहिली गेलेली मालिका हीच होती. साडेपाच हजार कोटींहून जास्त मिनिटं लोकांनी ती पाहिली. आपल्यापैकी ज्यांची नातवंडं मेलबर्न-सिडनीला आहेत त्यांना हे सगळं मी सांगायला नको. व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांच्या आधी ब्लूईचाच आवाज ऐकू येतो.

आता मुद्द्यावर येतो. या बँडिटला लोकांनी ‘आदर्श बॉस’ करून टाकलं आहे. टीम कशी चालवावी, माणसं कशी सांभाळावीत, हे या निळ्या कुत्र्याकडून शिका, असे लेख फिरत असतात. ते वाचून मॅनेजर मंडळी काय शिकतात? तर ऑफिसात मजा पाहिजे. शुक्रवारी खेळ, वाढदिवसाला केक, साहेबांनी एखादी टोपी घालून नाचायचं. बँडिट मुलींसोबत वाट्टेल ते सोंग घेतो हे खरंच. पण मला वाटतं, या मंडळींनी सोंग पाहिलं आणि त्याच्या आतली गोष्ट पाहायची राहिली.

मालिकेचा अगदी पहिला भाग घ्या. घरात एक जादूचा झायलोफोन आहे. मुलीने तो बाबांकडे रोखून वाजवला की बाबा जागच्या जागी गोठतात. कसल्याही अवघडलेल्या स्थितीत असोत, गोठायचं म्हणजे गोठायचं. आता जादू काही खरी नाही. बँडिट अंगाने मोठा, घर त्याचं, कमाई त्याची. ‘पुरे झालं आता’ एवढं म्हटलं की खेळ संपला. पण तो तसं म्हणत नाही. मुलींनी केलेला नियम त्यालाही लागू आहे आणि तो तो पाळतो, स्वतःची फजिती होत असतानासुद्धा पाळतो. माझ्या मते या मालिकेतलं सगळं नेतृत्व इथे आहे: ज्याला नियम मोडता येतो त्याने तो न मोडणं.

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत एक फेरी मारा. आत शिरताच पाटी दिसेल: हेल्मेट आणि सेफ्टी बूट घातल्याशिवाय प्रवेश नाही. कामगाराने हेल्मेट काढलं तर दंड. आणि त्याच शेडमधून मालक पाहुण्यांना घेऊन उघड्या डोक्याने, साध्या चपला घालून फिरताना दिसतात. कुणी काही बोलत नाही. पण त्या दिवसापासून हेल्मेटचा अर्थ बदलतो. ते डोकं वाचवण्यासाठी आहे हे विसरलं जातं, आणि ते कोण खालचा आहे हे ओळखण्यासाठी आहे असं होऊन बसतं. ऑफिसातही तेच. हजेरीचं यंत्र शिपायाला लागू आणि साहेबाला नाही. रजेचा अर्ज आठ दिवस आधी द्या हा नियम नर्सला लागू आणि वॉर्ड चालवणाऱ्याला नाही. माणसं काम टाळतात, मनापासून करत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा मोजावं की आपण केलेल्या नियमांपैकी किती आपल्याला बांधतात.

‘बाइक’ नावाचा एक भाग आहे. ब्लूईला सायकल चालवता येत नाही, ती वैतागून सायकल टाकून देते आणि बागेतल्या बाकावर बाबांशेजारी येऊन बसते. समोर तीन चिमुकल्यांचा झगडा चाललेला. बिंगोला पाण्याच्या नळापर्यंत पोचता येत नाही, एकीचा हात लोंबकळायच्या दांड्यांना पुरत नाही, आणि मामेबहीण-चुलतबहीण जे काही म्हणा ती मफिन पाठीवर दप्तर चढवण्यासाठी धडपडते आहे. मागे बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीची चाल वाजते, जी आपण चर्चमध्ये स्तोत्राची चाल म्हणूनही गातो. बँडिट बाकावरून उठत नाही. तो आणि ब्लूई पाहत राहतात. एकेक जण आपापली वाट काढतं. आणि मग ब्लूई न सांगता उठून सायकलीकडे जाते.

सात मिनिटं. एवढ्या वेळात बहुतेक बाप तीनदा उठले असते.

धर्मग्रामातला एक तरुण फाउंड्रीत मोल्डिंगच्या कामाला लागला होता. हात बरा होता, शिकण्याची ओढ होती. आठ महिन्यांत सोडून आला. पगार कमी म्हणून सोडलं नाही. साचा भरायला घेतला की शिकवणारा मागे येऊन उभा राहायचा, आणि वाळू जरा कुठे ढिली दिसली की हातातलं हत्यार काढून घेऊन स्वतः करायचा. करून झालं की म्हणायचा, “बघितलंस? असं करायचं.” त्या मुलाचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं. तो म्हणाला, “सर, मी आठ महिने बघितलंच.” तो शिकवणारा काही दुष्ट नव्हता. कारागीर उत्तम होता. त्याला फक्त दुसऱ्याच्या हातून होणारी चूक पाहवत नव्हती. उत्तम कारागीर पुष्कळदा वाईट वरिष्ठ होतात याचं कारण हेच असावं.

धर्मग्रामातही हे चालतं, बरं का. नाताळच्या आधी युवक-युवती चार रात्री जागून गोठा उभारतात. गवत जरा जास्त, बाळ येशूवरचा दिवा जरा भडक, मेंढ्यांपेक्षा तारा मोठा. सकाळी येऊन पाहतात तर एका ज्येष्ठ बंधूंनी पहाटे उठून सगळं ‘नीट’ केलेलं. गोठा खरंच सुंदर दिसतो. पण पुढच्या वर्षी गवत आणायला कुणी येत नाही, आणि मग तेच ज्येष्ठ म्हणतात, हल्लीच्या पिढीला देवाच्या कामाची आवड नाही.

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला भेटायला येतो आणि पाहतो की हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसला आहे आणि लोक रांगेत ताटकळत उभे आहेत. इथ्रो सांगतो ते साधं आहे: हे बरं नव्हे, तू थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. लहान गोष्टी त्यांना ठरवू दे. मला या प्रसंगात एक बारकावा फार महत्त्वाचा वाटतो. इथ्रोला मोशेच्या थकव्याइतकीच रांगेतल्या लोकांच्या थकव्याची काळजी आहे. सगळं स्वतः करणारा वरिष्ठ स्वतःला त्यागी समजतो. रांगेत उभा असलेल्याला विचारा.

मात्र इथे एक गल्लत होते. ‘माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे’ असं म्हणून अंतर्धान पावणारे वरिष्ठही असतात. काम बिघडल्यावर मात्र ते हमखास प्रकट होतात. बँडिट बागेतून निघून जात नाही. फोनमध्ये डोकं घालूनही बसत नाही. तो बाकावर आहे, पाहतो आहे, आणि कुणी पडलं तर दोन पावलांवर आहे. न उठणं हे काम आहे, आणि बसून करण्याच्या कामांमध्ये ते सर्वांत अवघड असावं.

आता चिलीकडे वळतो, कारण ‘बँडिटकडून शिका’ म्हणणारे लेख तिला सहसा विसरतात. ‘द पूल’ या भागात बाबा मुलींना काकांच्या घरच्या तलावात पोहायला नेतात. आई सामानाची आठवण करून देते, तर बाप-लेकींना ती कटकट वाटते. पोचल्यावर कळतं की सनक्रीम नाही, टोप्या नाहीत, पोहताना लागणारं सामान नाही. ऑस्ट्रेलियाचं ऊन! मग सावलीच्या तुकड्यातच पोहायचं, तापलेल्या फरशीवर उड्या मारत चालायचं, आणि बघता बघता मजेचा विचका होतो. शेवटी चिली ती पिशवी घेऊन येते, आणि मग खरी मजा सुरू होते. कंटाळवाण्या गोष्टीही महत्त्वाच्या असतात, एवढंच त्या भागाचं म्हणणं आहे.

प्रत्येक कारखान्यात, शाळेत, इस्पितळात ही पिशवी कुणीतरी भरत असतं. स्टोअरमधला माणूस, जो हातमोजे संपायच्या आठ दिवस आधी मागणी लिहितो. शाळेतली कारकून बाई, जिला कुठल्या मुलाची फी कशामुळे राहिली आहे हे तोंडपाठ असतं. आमच्या सणाच्या दिवशी व्यासपीठावर आभार मानले जातात ते मंडपवाल्यांपासून देणगीदारांपर्यंत सर्वांचे. चारशे माणसांना पत्रावळी पुरतील का हे आदल्या रात्री दोनदा मोजणाऱ्या बायकांचं नाव त्या यादीत मी क्वचितच ऐकलं आहे. तेव्हा ज्यांना ‘मजेदार बॉस’ व्हायचं आहे त्यांनी खुशाल व्हावं, पण आपली पिशवी कोण भरतंय ते आधी पाहावं. आणि महिन्यातून एकदा ती स्वतः भरावी. किती जड असते ते कळेल.

‘द वीकेंड’ या भागाबद्दल थोडक्यात. बिंगोला बागेत हुबेहूब पानासारखा दिसणारा एक किडा सापडतो, चालतं पान. ती हरखून बाबांना दाखवायला धावते. बाबा ब्लूईबरोबरच्या खेळात इतके रंगलेले की त्यांचं लक्ष जात नाही. पुढे तिचं खट्टू झालेलं तोंड पाहून ते कारण विचारतात, आणि कळल्यावर चार वर्षांच्या त्या पोरीची माफी मागतात. लक्षात घ्या, बाबा त्या वेळी मुलांसाठीच तर वेळ देत होते! ‘तुमच्यासाठीच करतोय ना सगळं’ हे वाक्य त्यांना सहज वापरता आलं असतं. घरातल्या बापांचं आणि कंपनीतल्या साहेबांचं हे आवडतं वाक्य आहे. आपल्याकडे वरिष्ठ माफी मागतातच असं नाही, आणि मागितली तर ‘कुणाला वाईट वाटलं असेल तर’ अशी मागतात. म्हणजे चूक वाईट वाटून घेणाऱ्याची. कलस्सैकरांच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात संत पौल बापांना बजावतो की मुलांना चिडवू नका, नाहीतर ती खचून जातील. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घरात बापाचा शब्द कायदा होता, तेव्हाचं हे सांगणं आहे. खचणं हा त्यातला महत्त्वाचा शब्द. चिडलेला माणूस निदान भांडतो. खचलेला माणूस वेळेवर येतो, वेळेवर जातो आणि मधल्या आठ तासांत तिथे नसतो.

इतकं सगळं म्हटल्यावर एक आक्षेप मीच घेतो, कारण तो घेतला नाही तर हा लेख धोक्याचा होईल. कामगार म्हणजे मुलं नव्हेत आणि मालक म्हणजे बाप नव्हे.

‘आम्ही इथे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य तुम्ही कधी ऐकता? ओव्हरटाइमचे पैसे मागितल्यावर. रविवारी मिस्साला जायचंय म्हणून सुट्टी मागितल्यावर. युनियनचं नाव काढल्यावर. घरात हिशेब विचारायचा नसतो, म्हणून कारखान्याला घर म्हणायचं, ही फार जुनी युक्ती आहे. मायबाप म्हटलं की हक्काची भीक होते. प्रौढ माणसाला लेकरू म्हणणं ही माया नाही, तो अपमान आहे, भले तो गोड आवाजात का असेना. मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना सांगतो की पृथ्वीवर कुणाला आपला पिता म्हणू नका, कारण तुमचा पिता एकच, आणि तुम्ही सगळे भाऊ. (आपण फादरांना फादर म्हणतो, हा वेगळा विषय. त्यावर फादरच कधीतरी लिहितील.) मला हे वचन कामाच्या जागी फार उपयोगाचं वाटतं. पगार देणाऱ्याला पिता म्हणायचं नाही. त्याला मालक म्हणा, साहेब म्हणा, नुसतं अहो म्हणा. पण लेकराची जागा घेऊ नका.

म्हणून बँडिटकडून बापपण उचलायचं नाही. उचलायचा तो त्याचा संयम. बापाकडे मुलावर जवळजवळ अमर्याद सत्ता असते, तरी हा बाप ती किती कमी वापरतो ते पाहायचं. मालकाकडे तर करारापुरतीच सत्ता असते. ज्याच्याकडे जास्त आहे तो कमी वापरतो, आणि ज्याच्याकडे कमी आहे तो ती टाच चावण्यासाठी वापरतो, हे उलटं नाही का?

बँडिट काही संत नाही, हेही सांगायला हवं. एप्रिल 2024 मध्ये ‘द साइन’ हा लांब भाग आला, तब्बल 28 मिनिटांचा. बँडिटला दुसऱ्या शहरात जास्त पगाराची नोकरी मिळाली आहे. घराबाहेर ‘विकणे आहे’ची पाटी लागली आहे. मुलींना जायचं नाही. चिलीचं मन तयार नाही, पण ती नवऱ्याबरोबर उभी आहे. आणि बँडिटचं कारण तरी काय? मुलींना याहून चांगलं आयुष्य द्यायचं आहे. त्याच भागात त्याच्या भावाचं लग्न आहे ब्लूईच्या धर्ममातेशी, आणि ऐन लग्नाच्या दिवशी नवरी गाडी काढून निघून जाते, कारण लग्नानंतर दूर पश्चिमेला जाऊन राहण्याचं तिच्या गळी उतरत नाही. दोन्ही भावांची गफलत एकच आहे. दोघेही प्रेमळ आहेत, दोघांचा हेतू चांगला आहे, आणि ज्यांच्या भल्यासाठी हे सगळं चाललंय त्यांना काय हवं आहे हे दोघांनीही पुरतं ऐकलेलं नाही. बदलीचे, शिफ्टचे, शाखा बंद करण्याचे निर्णय असेच होतात. दुष्टपणाने फार थोडे. ‘त्यांच्याच भल्यासाठी’ बरेच.

शेवटी घर घेणाऱ्यांचा विचार बदलतो आणि बँडिटला फोन येतो. सामान हललेलं, गाडी निघालेली. काही प्रेक्षकांना हा शेवट फार सोयीचा वाटला. नशिबाने सुटले म्हणतात. असेल. पण एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं मिळालं असतं. नोकरी तशीच होती, पगार तसाच होता, आणि गावभर सांगून झालं होतं. अशा वेळी मोठी माणसं ‘आता ठरलंय ना’ म्हणून पुढे जातात, कारण ठरवलेलं फिरवलं तर आपली पत जाईल असं त्यांना वाटतं. बँडिट गाडीतून उतरतो आणि स्वतःच्या हातांनी ती पाटी जमिनीतून उपटतो. सगळ्यांच्या देखत.

हा भाग युवा गटाने एकत्र पाहावा असं ठरतं आहे. रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर, सभागृहात. ज्यांच्या हाताखाली चार माणसं काम करतात अशा सुपरवायझर, मुख्याध्यापक आणि वॉर्ड सिस्टर मंडळींनी जरूर यावं. चहा त्या दिवशी त्यांनी करायचा आहे. किती कप लागतील ते आदल्या रात्री मोजून ठेवा.